मांडीसंगणक खरेदी समिती

१९९४ सालची संक्रांत नुकतीच होऊन गेली होती आणि जिंतुरात व्यंकटराव जेवत होते. यात नवल काही नव्हतं. व्यंकटराव रोजच जेवत. फक्त ते जेवण संपताना कुणी पाहिलं नव्हतं. भाकरीचा तुकडा मोडायचा, तो वरणात बुडवायचा, पुरता भिजला की नाही याची खात्री करायची, वर तिळाची चटणी ठेवायची, घास उचलायचा आणि तेवढ्यात काही आठवलं की पुन्हा ताटात ठेवायचा. कार्यालयातल्या फायलीही त्यांनी अशाच हाताळल्या होत्या. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून एकही फाईल चुकीची गेली नव्हती, कारण मुळात गेलेल्या फायलीच थोड्या होत्या.

त्या दुपारी पाटावर पाहुणा होता. बन्सीधर त्याचं नाव. औरंगाबादच्या एका संगणकाच्या दुकानाचा हा विक्रेता टाय लावून जिंतूरच्या एसटी स्टँडवर उतरला होता आणि त्यामुळं त्याच्यामागं पाच-सहा पोरं आणि एक कुत्रं लागलं होतं. अशा माणसाला हॉटेलात बसवणं बरं दिसेना, म्हणून व्यंकटरावांनी त्याला घरी आणलं.

व्यंकटराव विहीर पाणीपातळी पडताळणी कार्यालयाचे अधीक्षक होते. तालुक्यातल्या विहिरींमध्ये पाणी किती हात खोल आहे ते मोजायचं आणि वर कळवायचं, हे या कार्यालयाचं काम. वर गेलेली माहिती खाली येण्याची पद्धत नव्हती, त्यामुळं पाणी किती आहे हे मुंबईला माहीत असे आणि विहिरीवाल्याला माहीत असे. मधल्या कुणाला त्याचा त्रास नव्हता. अशा या कार्यालयाला यंदा वरून अनुदान आलं होतं. फिरतीच्या कामासाठी लॅपटॉप घ्यावा, आणि तो मार्चअखेरच्या आत घ्यावा, नाहीतर अनुदान परत. आदेश मराठीत असल्यामुळं त्यात लिहिलं होतं: 'मांडीसंगणक, नग एक.'

त्यासाठी रीतसर समिती झाली. अध्यक्ष, कार्यालयप्रमुख आबासाहेब. सदस्य, लेखापाल भुजंगराव. सदस्य-सचिव, व्यंकटराव. माहितीपत्रक इंग्रजीत असल्यानं भाषातज्ज्ञ म्हणून मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी अंबिका. ती व्यंकटरावांची मुलगी, पण समितीनं हे नातं 'विचारात घेतलेलं नाही' असं लिहून ठेवलं होतं.

"साहेब, दोन मॉडेलं हायेत," बन्सीधर भाकरी चुरत म्हणाला. टायमुळं आणलेली शुद्ध भाषा वरणापर्यंत टिकली नव्हती. "प्रोसेसर म्हणजे मशिनचा मेंदू. एक तीनशे शहाऐंशी. जरा दमानं चालतो, पण वीज कमी खातो. पडदा काळा-पांढरा. बॅटरी चार तास जाते. दुसरा चारशे शहाऐंशी. रंगीत पडदा, मराठी अक्षरं, आत पत्त्यांचा डाव. लय फास्ट."

"आणि त्याची बॅटरी?"

"तास."

"किती तास?"

"एक तास, साहेब. तो पण मशिन खुशीत असल तर."

व्यंकटरावांनी उचललेला घास ताटात ठेवला. "म्हणजे ज्याला अक्कल जास्त, त्याला भूकही जास्त."

"तसं म्हणा."

"आम्हाला एका विहिरीचा एकच आकडा लिहायचा आहे. पाणी अमुक हात. तो आकडा चारशे शहाऐंशी लवकर लिहील का?"

"लिहिणार तर माणूसच की."

"मग तीनशे शहाऐंशीच बरा. विहिरीपाशी कुठं प्लग असतोय?" व्यंकटरावांना आपला निर्णय आवडला, आणि आवडलेला निर्णय लगेच घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "तरीपण याचा एक तुलनात्मक तक्ता करू. तक्त्यावर टिपणी घेऊ. टिपणीवर अभिप्राय मागवू."

"कवापर्यंत, साहेब?"

"करू सावकाश."

अंबिका दारात उभी होती. शाळेची दुसरी घंटा व्हायला आली होती आणि खरकटं आवरायचं होतं. "सावकाश होऊ द्या," ती बन्सीधरला म्हणाली आणि त्याच श्वासात वडिलांकडं वळली, "अण्णा, उरका आता."

जेवणाऱ्याला 'सावकाश होऊ द्या' म्हणायचं ही आपल्याकडची रीत. विमा एजंट असो की सोयरा, अंबिकेनं ती कुणाला चुकवली नव्हती. अण्णांना मात्र तिनं हे कधी म्हटलं नव्हतं. आई गेली आणि दहाव्या वर्षी चूल तिच्या हातात आली, तेव्हापासून ती त्यांना एकच म्हणत आली होती, उरका. त्यावर तेही एकच म्हणत आले होते.

"झालंच," अण्णा म्हणाले आणि त्यांनी आणखी अर्धी भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची कपबशी घेऊन ते ओट्यावर बसले. चहा निवला. अंबिकेनं आतून दोनदा हाक मारली, "अण्णा, उरका, पाणी तापलंय." डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंसुद्धा नसेल. आयुष्यात एवढं एकच काम त्यांनी झटक्यात उरकलं होतं.

बोरीहून अण्णांची थोरली बहीण धुरपताबाई आली आणि तेरावा होईपर्यंत राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं तीच सांगे. अंबिका पाणी देई, चहा देई, रडत मात्र नसे. "लय वाचन हाय तिचं," धुरपताबाई बायकांना समजावून सांगे. "वाचणाऱ्याला रडायला टाईम लागतोय." अंबिकेची इच्छा एवढीच होती की ज्या कार्यालयात अण्णांनी जन्म काढला, तिथल्या माणसांनी एकदा उभं राहून म्हणावं, की व्यंकटराव गेले. हे शब्द तिला स्वतःला म्हणता आले नव्हते. दुसऱ्या कुणी चारचौघांत म्हटले असते तर तिला ऐकता आले असते.

समितीची सभा फेब्रुवारीत भरली. विषय क्रमांक एक, शोकप्रस्ताव. विषय क्रमांक दोन, प्रोसेसरची निवड. विषय क्रमांक तीन, ऐनवेळचे विषय.

आबासाहेब भरल्या डोळ्यांनी उठू लागले. ते देहानं विशाल होते आणि उठताना त्यांच्याबरोबर खुर्चीही थोडी उठे. ती खाली टेकायच्या आत भुजंगराव खाकरले.

"साहेब, एक अडचण हाय. शोकप्रस्ताव झाला की सभा तहकूब करावी लागती. रिवाज हाय."

"करू की मग. व्यंकटराव आपला माणूस होता."

"तहकूब सभा पुढच्या तिमाहीत घ्यावी लागती, असा नियम हाय. पुढची तिमाही म्हणजे एप्रिल. मार्चअखेर अनुदान परत."

आबासाहेब होते तिथं थांबले. अर्धे उठलेले आणि अर्धे बसलेले अधिकारी सरकारी कामकाजाच्या दृष्टीनं सर्वांत सुरक्षित असतात, पण हे फार वेळ जमत नाही. ते बसले.

"मग तो विषय शेवटी घ्या," अंबिका म्हणाली.

"शेवटी ऐनवेळचे विषय असतात, ताई."

"मरण ऐनवेळचंच असतं."

"असतं," आबासाहेबांनी गंभीरपणे मान्य केलं. "पण ऐनवेळच्या विषयाला अध्यक्षांची पूर्वपरवानगी लागते. व्यंकटरावांनी ती घेतलेली नव्हती."

तेव्हा असं ठरलं की खरेदी पुरी होईपर्यंत विषय क्रमांक एक पुढं ढकलावा. हजेरी लिहिताना भुजंगरावांचा पेन अडला. "सदस्य-सचिवांपुढं काय लिहू?"

"शोकप्रस्ताव झालेला नाही, म्हणजे सभेला अधिकृत खबर नाही," आबासाहेबांनी डोळे पुसले. "अनुपस्थित लिहा."

मग प्रोसेसरचा विषय निघाला. अंबिकेनं अण्णांचं म्हणणं सांगितलं. विहिरीपाशी प्लग नसतो, आकडा एकच लिहायचा असतो, चार तासांचा बरा.

"तीनशे आणि चारशे यात शंभराचा फरक हाय, ताई," भुजंगराव म्हणाले. "सरकार शंभर जादा द्यायलंय आणि आपण न्हाई म्हणावं? शेजारच्या तालुक्यानं चारशे शहाऐंशी घेतला तर तोंड कुठं दाखवायचं?"

"रंगीत पडद्याचा विहिरीला काय उपयोग?"

"पाणी निळं दिसंल की."

मतदान झालं. चारशे शहाऐंशीच्या बाजूनं दोन, विरुद्ध एक. पण तीन-चतुर्थांश बहुमत लागत होतं. भुजंगरावांनी नियमपुस्तक चाळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "सदस्य-सचिवांनी विरोध नोंदवलेला न्हाई. अनुपस्थितानं विरोध नोंदवला न्हाई तर त्याची मूक संमती धरतात. झाले तीन!"

"ते विरोध नोंदवू शकत नाहीत," अंबिका म्हणाली.

"कारण?" आबासाहेबांनी हळूच विचारलं.

कारण सांगणं म्हणजे विषय क्रमांक एक. अंबिकेचे ओठ हलले आणि मिटले. अशा रीतीनं व्यंकटरावांनी हयातीत ज्याला नकार दिला होता, त्याला नंतर आपलं मत दिलं.

मशिन आठवड्यात पसंतीवर आलं. ते कुणाच्या मांडीवर ठेवायचं, हा प्रश्न दुसऱ्या सभेपुढं होता. एवढी महागडी सरकारी वस्तू लेखनिकाच्या मांडीवर ठेवणं योग्य नव्हे, राजपत्रित मांडीच हवी, असं ठरलं. कार्यालयात अशी मांडी एकच, आबासाहेबांची. पण आबासाहेब खुर्चीत बसले की पोट गुडघ्यापर्यंत येई आणि मांडी उरत नसे. शिपाई नागनाथनं मशिन दोनदा ठेवून पाहिलं. दोन्ही वेळा ते घसरगुंडीवरून यावं तसं त्याच्या हातात परत आलं. शेवटी मांडीच्या बदली एक स्टूल मंजूर झालं, आणि कागदोपत्री त्या स्टुलाला 'प्रभारी मांडी' असं पद देण्यात आलं.

भुजंगरावांना मशिनचं बारसंही करायचं होतं. "एखांदं चांगलं नाव देऊ, साहेब."

आबासाहेबांनी दाराकडं पाहून आवाज खाली आणला. "नाव हा शब्द सध्या सभेत नको. सोळा वर्षं मराठवाडा एका विद्यापीठाच्या नावावरून पेटलेला होता. परवा कुठं संक्रांतीला त्याचा निकाल लागलाय. आपण त्या सोळा वर्षांत काय केलं?"

"काईच न्हाई, साहेब."

"मग आताही तेच करू."

व्यंकटराव या सभेलाही अनुपस्थित होते.

तिसऱ्या सभेत मूळ अडचण पुढं आली. चारशे शहाऐंशीची बॅटरी तासाभरात संपते, आणि विहिरी शेतात असतात. ज्या विहिरीवर विजेची मोटार आहे तिथं प्लग असतो, म्हणून तेवढ्याच विहिरी मोजाव्या, असं आधी ठरलं. बाकीच्या विहिरी पडताळणीपुरत्या विहिरीच नाहीत असं धरायचं. पण मोटारीपाशी लाईट रात्री येई आणि कर्मचारी दिवसा जात. मग ट्रॅक्टरची बॅटरी जोडावी, असं निघालं. पण ती वाहून न्यायला ट्रॅक्टर लागणार होता आणि ट्रॅक्टर बांधावरून जाईना. मशिन विहिरीकडं जाऊ शकत नाही एवढं सिद्ध झाल्यावर एकच मार्ग उरला, विहिरीनं मशिनकडं यावं. भुजंगरावांनी तोडगा काढला. विहिरीवाल्यानं दोर पाण्यात तळापर्यंत सोडावा, वर ओढावा आणि ओला दोर घेऊन कार्यालयात यावं. कार्यालयात प्लग आहे. ओला भाग मोजला की पाणी किती ते कळलं.

नमुन्यादाखल बोरीची धुरपताबाई आली. दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन ती एसटीनं आली होती. मार्चचं ऊन, आणि टपावर ठेवायला लावलेला दोर. नागनाथनं तो व्हरांड्यात पसरला, बन्सीधरनं मशिन सुरू केलं, आबासाहेबांनी दोराला हात लावला.

"हा तर कोरडा आहे."

"वाटंत वाळला की, साहेब. हिरीत सात हात पाणी हाय."

"दोर काय म्हणतो ते आम्ही लिहितो, बाई. भुजंगराव, बोरी, पाणी शून्य."

"आरं, सकाळी त्याच पाण्यानं न्हाऊन आले म्या!"

"मशिनमध्ये गेलंय, आज्जी. आता खोडता येत न्हाई," भुजंगराव म्हणाले. पडद्यावर निळ्या रंगात शून्य उमटलं. फार सुरेख दिसत होतं. दुपारपर्यंत आणखी तीन गावांचे दोर आले, आणि तालुका कोरडा असल्याची आकडेवारी पहिल्यांदाच इतक्या वेगानं तयार झाली.

धुरपताबाईनं दोर गुंडाळला आणि अंबिकेकडं वळली. "तुज्या बापाच्या हापिसात आले म्हनून बोलले न्हाई. ह्येंनी त्याला लावलं का वाटंला? म्हंजी दोन मिन्टं हुबं राहिले का?"

"अजून नाही, आत्या."

"का?"

"मशिन घ्यायचंय."

धुरपताबाईनं आधी मशिनकडं आणि मग आबासाहेबांकडं पाहिलं. "मंग ह्येंचा शोक बी वाटंत वाळला का न्हाई माज्या दोरावानी," ती म्हणाली आणि स्टँडकडं चालू लागली.

सलग तीन सभांना न कळवता गैरहजर राहणाऱ्या सदस्याला कारणे दाखवा नोटीस आपोआप निघते. ती निघाली. नागनाथ ती घेऊन घरी आला तेव्हा त्याला दाराची कडी वाजवायचीसुद्धा लाज वाटत होती.

"ताई, म्या न्हाई म्हनलो हुतो. पर जावक नंबर पडला."

अंबिकेनं वाचलं. 'आपण गैरहजर का, याचा खुलासा सात दिवसांत समक्ष येऊन करावा.' ती बराच वेळ 'समक्ष' या शब्दाकडं पाहत राहिली.

"सही कुणाची घिऊ?" नागनाथनं विचारलं. "न्हाई मिळाली तर 'नोटीस नाकारली' असं लिहावं लागतंय. मंग आनखीन एक निघंल."

अंबिकेनं सही केली. नागनाथला पाट मांडून चहा दिला. "सावकाश होऊ द्या," ती सवयीनं म्हणाली, आणि तो पिऊन होईपर्यंत चुलीकडं तोंड करून उभी राहिली.

मार्चअखेर उजाडली. त्या दिवशी शेवटची सभा. मशिनला अंतिम मंजुरी द्यायची आणि संध्याकाळच्या आत कागद परभणीला पोचवायचे. अट एकच होती. मशिन फिरतीचं असल्यामुळं ते स्वतःच्या बॅटरीवर चालताना समितीनं पाहायला हवं. भिंतीच्या प्लगवर चाललं तर लेखापरीक्षणात हरकत निघाली असती. बन्सीधरनं सकाळी बॅटरी गच्च भरून दिली होती. मग भुजंगरावांनी रंगांची तपासणी म्हणून पत्त्यांचे काही डाव टाकले. इस्पिक काळं आणि बदाम लाल असल्याची त्यांची पूर्ण खात्री झाली तेव्हा बॅटरी बरीच उतरली होती.

"मराठी उमटतं हे दाखवायला काहीतरी मजकूर लागेल," आबासाहेब म्हणाले.

"शोकप्रस्तावाचा मसुदा तयारच हाय, साहेब. त्योच घालू," भुजंगराव म्हणाले. "मंजूर करायचा न्हाई. निव्वळ नमुना."

आबासाहेबांचा चेहरा मोकळा झाला. कित्येक आठवडे त्यांना नीट झोप नव्हती. "म्हणजे शोकही झाला आणि तहकुबीही नाही! ताई, तुमचंही समाधान होईल. शेवटी नमुन्याचं दोन मिनिटं मौनसुद्धा पाळू."

"दोन मिन्टं लय होतात, साहेब," भुजंगरावांनी पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला. "बॅटरी जाईल. एक करा."

"बरं, एक."

"अर्धंच करू. बसल्या बसल्या. उभं राहिलं की खरं धरतात."

बन्सीधर टाईप करू लागला. "'कै. व्यंकटराव' लिहू ना?"

"कै. नको, अधिकृत होईल. 'श्री.' लिहा. आणि निधनही नको. 'यांच्या प्रदीर्घ अनुपस्थितीमुळे' लिहा," आबासाहेब म्हणाले.

"'श्री. व्यंकटराव यांच्या प्रदीर्घ अनुपस्थितीमुळे कार्यालयाची अपरिमित हानी झाली आहे,'" बन्सीधर एकेक अक्षर वाचत गेला.

"पाच मिन्टं ऱ्हायलीत," भुजंगराव क्रिकेटचा धावफलक सांगावा तसे म्हणाले.

"'ते स्वभावाने...'"

"आता तीन!"

"'...अत्यंत'"

पडदा काळा झाला. निळं, लाल सगळं एकदम गेलं आणि त्या काळ्या काचेत समितीचे चेहरे दिसू लागले.

"अत्यंत काय?" आबासाहेबांनी विचारलं.

मसुद्यात 'अत्यंत'नंतरची जागा कोरी सोडलेली होती; गुण सभेनं ठरवायचा होता.

"कार्यक्षम असावं," आबासाहेब म्हणाले.

"साहेब, येवढं खोटं मशिनानं घेतलं नसतं," भुजंगराव म्हणाले.

"तत्पर?"

दारात पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या नागनाथला हसू फुटलं आणि त्यानं घाईनं तोंडावर हात ठेवला. मग भुजंगराव हसले. मग आबासाहेबही, डोळे पुसत. सगळ्यांनाच एकदम ते ताट आठवलं होतं, तो उचललेला आणि परत ठेवलेला घास, आणि 'करू' म्हणून ठेवून दिलेल्या त्या फायली.

"सावकाश," अंबिका म्हणाली. "अत्यंत सावकाश."

ती उभी राहिली होती.

"माझे वडील मेले आहेत."

जिंतुरात माणसं वारतात, जातात, देवाघरी जातात, कैलासवासी होतात. मेले असं आपल्या माणसाबद्दल कुणी म्हणत नाही. खोलीला जणू चटका बसला.

"ते अनुपस्थित नाहीत. त्यांची कशालाही मूक संमती नाही. विषय क्रमांक एक मी मांडते."

"ताई, बसा," आबासाहेब काकुळतीला आले. "आजचा एक दिवस बसा. उद्या पाहिजे तर दिवसभर उभं राहू."

उभं राहणं म्हणजे शोक, शोक म्हणजे तहकुबी आणि तहकुबी म्हणजे मशिन परत. प्रत्येकानं खुर्चीचे हात घट्ट धरले. नागनाथ दारात उभाच होता, पण शिपायाचं उभं राहणं सभेत धरत नाहीत. तरी त्यानं पेढ्यांचं ताट प्रभारी मांडीवर ठेवलं आणि डोक्यावरची टोपी काढली. त्यानंतर बन्सीधर उठला.

"तुमी कशाला उठायलात?" भुजंगराव दबक्या आवाजात ओरडले. "तुमचंच मशिन परत जाईल!"

"त्यांच्या घरी जेवलोय, साहेब," बन्सीधर म्हणाला आणि टाय सारखा करून ताठ उभा राहिला.

मग आबासाहेब उठले. त्यांच्याबरोबर खुर्चीही थोडी उठली आणि या वेळी मागं पडली. सगळ्यांत शेवटी, घड्याळ बघत, भुजंगराव.

मौन सुरू झालं.

ते चालू आहे तोवर वाचणाऱ्यालाही एक विचारून घ्यावं. दोन मशिनांपैकी कुठलं घ्यायला हवं होतं, याबद्दल तुमचं मत एव्हाना पक्कं झालेलं आहे. बॅटरी कुणाची किती तास, तेही न चुकता सांगाल. पण त्या शेवटच्या दुपारी व्यंकटरावांच्या भाकरीबरोबर ताटात काय काय होतं? आठवत नसेल तर संकोच करू नका. समितीत एक जागा रिकामी आहे.

मौनात बोलू नये असा रिवाज आहे. अंबिकेनं समोरच्या काळ्या काचेकडं पाहिलं, आणि पाटावर बसलेल्या पाहुण्याला म्हणतात त्याच सुरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सावकाश होऊ द्या, अण्णा."